वजन : वरीलप्रमाणे

४ मार्च

सरकारबाईंच्या सेवेशी,

अर्जदार तुमचा सख्खा मोठा भाऊ, धंदा बेकरी, वय विचारू नये. अर्ज करण्यास कारण की, परवा फोनवर मी जे काही बोललो त्यातलं निम्मं रागाच्या भरात होतं आणि निम्मं खरं होतं. कुठलं निम्मं कुठलं, ते तू ठरव.

आईने फर्मान काढलंय. महागाईवर यापुढे तुम्ही दोघांनी फोनवर बोलायचं नाही, लिहायचं. "लिहिताना माणूस निदान वाक्य तरी पुरं करतो," म्हणे. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाईशी वाद कोण घालणार! पत्ता घालायचं, पाकीट डकवायचं आणि पेटीत टाकून यायचं काम तिने स्वतःकडे घेतलंय. तेवढंच तिचं चालणं होतं.

तर बारके, आता पुरी वाक्यं ऐक. तीन वर्षांत मैद्याचं पोतं दीडपट झालं. भट्टीचा गॅस कुठे जाऊन पोचलाय ते मी बघायचं सोडून दिलं. तुपाचं नाव काढत नाही. आणि सरकारने काय केलं? हुकूम काढला, की साध्या ब्रेडची किंमत वाढवायची नाही, चारशे ग्रॅमचा ब्रेड जुन्याच भावाला विकायचा, नाहीतर परवाना जप्त. मैदा महाग झालेला चालतो, गॅस महाग झालेला चालतो, फक्त मी महाग झालेलो चालत नाही. मी तीन वर्षांत एक पैसा वाढवला नाही, हे तुझ्या साहेबांना जाऊन सांग.

वर तुमचं ऑफिस जाहीर करतं, महागाई तीन टक्के. अगं, कुठल्या बाजारात जाता तुम्ही? पत्ता दे, मीही तिथूनच आणत जाईन. तुमच्या त्या तीन टक्क्यांवर आईची पेन्शन वाढली. वाढीव पैशात रक्तदाबाच्या गोळ्यांची एक पट्टी आली, तीही पुरी नाही. हे सगळं सरकारचं पाप आहे आणि तू त्यांची नोकर आहेस, म्हणून तुझ्याशी भांडतो. दुसऱ्या कुणाशी भांडू? वहिनीशी भांडलं तर जेवायला मिळत नाही.

बाकी आईची तब्येत छान आहे. गोळ्या पूर्वी महिनाभर पुरायच्या, हल्ली दोन महिने जातात. डॉक्टरांनी कमी केल्या असाव्यात.

तुझा,
दादा


१७ मार्च

ती. दादास सा. न.

तुझा अर्ज पोचला. नेहमीप्रमाणे त्यावर काही कारवाई होणार नाही.

तू मला सरकार म्हणतोस तेव्हा मला हसायला येतं. सरकार म्हणजे सकाळी पावणेनऊच्या बसला लोंबकळणारी मी. माझ्या खोलीत तीन पंखे आहेत, त्यातला एक फिरतो, आणि तो साहेबांच्या डोक्यावर आहे. माझ्या टेबलावर ब्रेड, दूध आणि अंडी आहेत, म्हणजे त्यांचे तक्ते. दर महिन्याला प्रत्येक गावात आमचं माणूस ठरलेल्या दुकानांत जातं, ठरलेल्या वस्तूचा भाव विचारतं आणि तक्त्यात लिहितं. दुकानाचा नंबर, वस्तू, वजन, किंमत. एक्केचाळीस गावांचे तक्ते माझ्याकडे येतात, मी बेरजा-भागाकार करते आणि वर पाठवते. इथे येण्याआधी चार वर्षं आपल्या गावात हेच काम मी पायी फिरून केलं, ते तू विसरलास. आपलं दुकान यादीत नवव्या नंबरला आहे, बाबांच्या वेळेपासून.

सरकारचा दोष किती, हे तू दर वेळी विचारतोस. मी रोज तेच बघते, तरी मला एका वाक्यात सांगता येत नाही. इंधनावरचा कर सरकारचा. निवडणुकीआधी वाटलेला पैसा आणि त्यासाठी छापलेल्या नोटा सरकारच्या. तुझा तो हुकूम तर सरकारचाच. पण गहू पिकवणाऱ्या देशांत दोन वर्षं पाऊस झाला नाही, बोटींचं भाडं तिप्पट झालं, त्याला आमचे साहेब काय करणार? ते तर स्वतःची खुर्चीही दुरुस्त करून घेऊ शकत नाहीत. निम्मं त्यांचं, निम्मं जगाचं, असं मी मनाशी धरून चालते. मला त्याचाही कंटाळा आलाय. कुणीही दोषी निघालं तरी संध्याकाळी भाजी त्याच भावाने घ्यायची असते.

एक गंमत सांगू? तू सरकारला एवढ्या शिव्या देतोस, पण महागाईचा आकडा खाली ठेवायला तूच मदत करतोयस. आमच्या हिशोबात ब्रेडला मोठी जागा आहे, कारण तो सगळे खातात. आणि ब्रेडची वाढ तीन वर्षं शून्य आहे. तुला परवडतं कसं रे? खरंच विचारतेय.

आणि आईच्या गोळ्या कुठल्या डॉक्टरने कमी केल्या? त्याचं नाव कळव.

तुझी,
बारकी


३० मार्च

बारके,

परवडतं कसं, म्हणजे काय? काटकसरीने. धंद्याची गुपितं असतात, ती सरकारी माणसाला सांगत नाहीत.

निम्मं जगाचं वगैरे मला पटलेलं नाही. पाऊस पडला नाही म्हणून गहू महाग, हे मान्य. पण महाग गव्हाचा भार कुणी उचलायचा, हे कोण ठरवतं? मंत्री छायाचित्रात ब्रेड हातात धरून हसतो आणि तो ब्रेड मी दिलेला असतो. त्याने फक्त धरलाय.

आईला गोळ्यांचं विचारलं. "माझं गणित मला येतं," म्हणाली आणि डबा घासायला निघून गेली. डॉक्टरचं नाव काही सांगितलं नाही. पण बरी आहे. रोज चारला फिरायला जाते, निवृत्त मंडळींच्या बाकावर बसून त्यांच्या चुका काढते.

शेजारचा ड्रायव्हर मंगळवारी माल घेऊन तुझ्या शहरात येतोय. आईने त्याच्याबरोबर तुला ब्रेड बांधून दिलाय. "पोरीने घरचा ब्रेड खाऊन वर्ष झालं." मी म्हटलं, दोन दिवसांत शिळा होईल, राहू दे, तिकडे काय ब्रेड मिळत नाही? तीनदा सांगितलं. ऐकते कुठे! आल्यावर लगेच खाऊन टाक.

दादा


८ एप्रिल

दादा,

ब्रेड मी खाल्ला नाही. त्याचं वजन केलं.

ठरवून केलं नाही रे. ड्रायव्हरने पुडकं ऑफिसातच आणून दिलं. सोडलं, हातात घेतलं आणि हाताला काहीतरी चुकलं. मी तुझ्या दुकानात वाढले आहे, चारशे ग्रॅम कसा लागतो ते माझ्या तळहाताला माहीत आहे. कपाटात तपासणीचा काटा असतो. त्यावर ठेवला. तीनशे अठ्ठावीस. तीनदा ठेवला. दोन दिवसांत ब्रेड सुकतो, दहाबारा ग्रॅम जातात, हे मला शिकवू नकोस. म्हणजे भट्टीतून निघताना तीनशे चाळीस. चारशेच्या किमतीला तीनशे चाळीस, म्हणजे तुझा ब्रेड सतरा-अठरा टक्क्यांनी महाग झालाय आणि माझ्या कागदावर तो शून्य आहे.

मग मी कपाटातून आपल्या गावाचे जुने तक्ते काढले. तुझ्यावर ओरडायचं म्हणून काढले आणि माझंच अक्षर समोर आलं. नंबर नऊ. साधा ब्रेड. वजन: वरीलप्रमाणे. पुढच्या महिन्यात वरीलप्रमाणे. चार वर्षं वरीलप्रमाणे. पहिल्या पानावर माझ्या आधीच्या माणसाने चारशे लिहिलं होतं, त्याच्यावर मी चार वर्षं काढली. तुला आठवतं, मी आले की वहिनी चहा ठेवायची. तुझ्यासमोर पिशवीतून काटा काढून तुझाच ब्रेड मोजायचा, याची मला लाज वाटायची. मी फक्त किंमत विचारायची आणि आपण गप्पा मारायचो. खरं तर नातेवाइकाचं दुकान आहे हे ऑफिसला कळवून ते यादीतून काढायला हवं होतं. तेही मी केलं नाही. बाबांच्या वेळेपासूनचं दुकान यादीत असतं, याचं मला कौतुक होतं. शेवटचं वर्षभर तर तुझा ब्रेड हलका झालेला होता आणि मी त्याच्या शेजारी बसून चहा प्यायले. माझ्यानंतर जी मुलगी आली तिनेही माझंच बघून तेच लिहिलं.

मग मी बाकीची गावं काढली. एक्केचाळीसपैकी छत्तीस गावांत वजनाच्या रकान्यात तेच. छत्तीस गावांत चहा ठेवणारी वहिनी नसेल, पण ऊन सगळीकडे असतं आणि काटा जड असतो.

आईची पेन्शन याच आकड्यावर वाढते. ब्रेड तू हलका केलास, मी तो मोजला नाही आणि तिला तीन टक्के मिळाले. आता सरकारला काय म्हणू सांग.

तिच्या गोळ्या मोजून बघ. आजच. आणि हे पत्र तिच्या हाती लागू देऊ नकोस.

बारकी


२२ एप्रिल

बारके,

मोजलास तर मोजलास. आता ऐक.

बाबांचे अठ्ठेचाळीस साचे होते ना, काळेभोर झालेले, तेच मी वापरतो. हुकूम आला त्या महिन्यात मी आणि वहिनी कागद घेऊन बसलो. कसंही मांडलं तरी भट्टीवरच्या चौघांपैकी एकाला काढावं लागत होतं. काढायचं झालं तर मळणाऱ्या काकांना, कारण त्यांचे हात आता थकलेत. ज्यांनी तुला मैद्याच्या पोत्यांमधून चालायला शिकवलं, ते काका. मी त्यांच्यासमोर दोनदा जाऊन उभा राहिलो आणि दोन्ही वेळा "यीस्ट बघा" असं म्हणून परत आलो.

मग एका रविवारी साचे पोत्यात भरून पत्रेवाल्याकडे नेले. प्रत्येकाच्या तळाशी बोटभर उंचीवर दुसरा पत्रा बसवून घेतला. वरून काही कळत नाही. ब्रेड तसाच फुगतो, तसाच दिसतो. मला वाटलं होतं पत्रेवाला काहीतरी विचारेल. त्याने मान वर न करता सांगितलं, "या महिन्यातले तुम्ही तिसरे." बाबांच्या साच्यात खोटा तळ बसवताना मला काय वाटलं, ते मी तुला लिहिणार नाही.

मी चोर आहे का? रोज सकाळी गिऱ्हाइकाच्या हातात ब्रेड देताना मला वाटतं, हो. मग संध्याकाळी काका पगार घेऊन जातात तेव्हा वाटतं, नाही. तीन वर्षं असंच चाललंय. सरकारला शिव्या दिल्या की थोडा वेळ बरं वाटतं, म्हणून देतो.

तुला लिहायचं तर लिही खरं वजन. तुझं काम आहे. मी तुला थांबवणार नाही. फक्त तक्त्यावर दुकानाचा नंबर असतो आणि नंबरावरून दुकान सापडतं, एवढं लक्षात ठेव. परवाना गेला तर आमचं एकट्याचं घर बसणार नाही, भट्टीवरची चार घरंही बसतील.

आईच्या गोळ्या मोजायला गेलो होतो. ती झोपली होती. दुपारी कधी न झोपणारी बाई. उठवलं तर म्हणाली, डोकं जड आहे. उद्या सकाळी डॉक्टरकडे नेतो.

दादा


६ मे

दादा,

काल पोचले. खोलीला अकरा दिवसांचा कोंदट वास होता, खिडकी उघडून बसले आहे.

दवाखान्याच्या बाकावर आपण अकरा दिवस एकमेकांशेजारी बसलो आणि दोघांपैकी कुणी ब्रेडचा विषय काढला नाही. तू कँटीनमधून माझ्यासाठी खायला आणायचास, तेव्हा दर वेळी बिस्किटं आणलीस. ते मला कळलं.

डॉक्टर म्हणाले, आईचा झटका लहान होता. उजवा हात परत येईल, कदाचित नाहीही येणार. तू त्यांच्याशी औषधांचं बोलत होतास तेव्हा मी घरी जाऊन तिचं कपाट आवरलं. तिची खडूची पेटी आठवते? शाळेतून निवृत्त होताना मुलांनी दिलेली. त्यात अर्ध्या गोळ्या आहेत. एकसारख्या, अगदी मधोमध कापलेल्या. कुठलाही डॉक्टर नव्हता, दादा. तिनेच स्वतःसाठी निम्मं केलं होतं. त्या पेटीसमोर मी जमिनीवर बसून रडले आणि मग तोंड धुऊन परत आले. तुला सांगितलं नाही, आता सांगते.

आज ऑफिसात गेल्यावर साहेबांना सगळं सांगितलं. आपल्या दुकानासकट. ते वाईट माणूस नाहीत. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, छत्तीस गावांची वजनं एका महिन्यात बदलली तर ब्रेड एकदम सतरा टक्के चढेल, वर विचारणा होईल, तीन वर्षं तुम्ही काय करत होता म्हणतील. पेन्शनची वाढ जाहीर होऊ द्या, मग हळूहळू दुरुस्त करू. मी म्हटलं, वाढ याच आकड्यावर ठरते ना, मग नंतर करून काय उपयोग? त्यावर ते म्हणाले, "माझी आईसुद्धा पेन्शनवर आहे हो."

वाढीच्या हिशोबात मे महिन्याचा तक्ता शेवटचा. आपल्या गावातली ती मुलगी बारा तारखेला तुझ्याकडे येईल. मी तिला फोन करून सांगू शकते, की नऊ नंबरला काटा काढ. बाकीच्या पस्तीस गावांबद्दल माझ्याकडे फक्त संशय आहे. खात्रीने मला एकच दुकान माहीत आहे, कारण ते आपलं आहे. फोन तीनदा उचलला आणि ठेवला. आईसाठी करावं म्हटलं तर तुझा परवाना जातो, आणि तू बुडालास तर आईला सांभाळणार कोण?

काय करू सांग. आयुष्यात पहिल्यांदा तुला विचारतेय.

बारकी


२४ मे

बारके,

तू फोन करू नयेस म्हणून हे पत्र लवकर टाकायचं होतं, पण जमलं नाही. तोवर काम होऊन गेलं.

ती मुलगी बाराला आली. वहिनीने सवयीने चहा ठेवला. पोरीने वही उघडली, किंमत विचारली, मी सांगितली आणि तिने पुढच्या रकान्यात लिहायला सुरुवात केली. मी म्हटलं, थांब. गल्ल्यामागचा काटा पुढे ओढला, गरम ब्रेड त्यावर ठेवला आणि तिला म्हटलं, वाच. तिने वाचलं. तीनशे चाळीस. मग ती माझ्याकडे बघायला लागली. "काका, हे लिहिलं तर तुमचा परवाना जाईल." मी म्हटलं, तुझ्या हातात पेन आहे, ते चालव. तीनशे चाळीसचा चार तिने दोनदा गिरवला.

ती गेल्यावर मी छिन्नी घेतली आणि साच्यांचे तळ उचकटले. काका मदतीला आले. त्यांनी काही विचारलं नाही, म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. रोज मळणाऱ्याला कणकेचं वजन कळणार नाही, असं मी कसं समजलो कोण जाणे. दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लावली: ब्रेड चारशे ग्रॅम, भाव वाढला आहे, खाली नवा भाव. गिऱ्हाइकं कुरकुरली. एक आजोबा म्हणाले, "शेवटी तूही लुटायला लागलास." तीन वर्षं लुटत होतो तेव्हा ते मला आशीर्वाद देत होते.

तिसऱ्या दिवशी वजन-मापवाला आला. सरकार उशिरा येतं असं कोण म्हणतं? तक्त्याचं त्याला ठाऊकही नव्हतं, पाटी बघून आला होता. तक्त्याचंही मीच सांगितलं, म्हटलं दोन्ही गुन्हे एकदमच लिहून घ्या, तुमची दुसरी खेप वाचेल. दुकानाला दोन महिने टाळं. दंड वेगळा. परवान्याचं नंतर बघू म्हणालेत.

काका अजून रोज सकाळी येतात आणि पायरीवर बसतात. मी सांगितलं, दोन महिने काम नाही. म्हणाले, "घरी बसून काय करू?" मग मीही त्यांच्याशेजारी बसतो. चौघांपैकी दोघांना तात्पुरतं दुसरीकडे लावून दिलंय.

आई डाव्या हाताने जेवते. सांडतं, पण भरवू देत नाही. गोळी मी समोर उभा राहून देतो, ती मोठ्याने "अख्खी" म्हणते आणि गिळते.

सरकारला शिव्या द्यायला आता पहिल्यासारखी मजा येत नाही. देतो, पण त्यात जीव नसतो. तू तुझा आकडा मात्र वरपर्यंत पोचव. एवढं केलंय त्याचं काहीतरी होऊ दे.

दादा


११ जून

दादा,

लिहायला उशीर केला, कारण लिहावंसं वाटत नव्हतं.

मी लेखी निवेदन दिलं. दुकान माझ्या भावाचं आहे, चार वर्षं मी वजन न करता लिहिलं, छत्तीस गावांत असंच झाल्याचा मला संशय आहे, सगळीकडे पुन्हा मोजावं. सही केली. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "तुम्ही दमला आहात, रजा घ्या." आणि कागद खणात ठेवला. मला वाटलंच होतं, म्हणून एक प्रत मी थेट वर पाठवली होती. त्याचं उत्तर आठवड्यात आलं. माझी बदली झाली. तळमजल्यावर, स्टेशनरी विभागात. मी आता कागदाची रिमं आणि पेन्सिली मोजते. त्या मात्र खरोखर मोजते.

तुझ्या तीनशे चाळीसचं काय झालं ते तुला कळायलाच हवं. नियमाप्रमाणे, नातेवाइकाचं दुकान यादीत चालत नाही, आणि टाळं लागलेलं तर चालतच नाही. म्हणून नंबर नऊ मेच्या नोंदीसकट काढून टाकला. त्याच्या जागी मागच्या गल्लीतली बेकरी घेतली. तिचा तक्ता मी निघायच्या दिवशी बघितला. किंमत जुनीच. वजन: वरीलप्रमाणे.

वरच्या ओळीत एप्रिलपर्यंतचं तुझंच दुकान होतं, दादा. तुझा जुना चारशेच त्यांनी खाली ओढला. तीनशे चाळीस कुठेच गेला नाही.

मला माफ कर. दुकान तुझं गेलं आणि आकडा तसाच राहिला. माझ्यात आता भांडायचं बळ नाही. आईला यातलं काही सांगू नकोस.

बारकी


२ जुलै

चि. बारकीस,

अक्षर वाईट आहे. डावा हात पहिलीत आहे, त्याला वेळ द्यायला हवा. रोज थोड्या ओळी, असं हे पत्र आठवडाभर चाललं आहे.

तुम्ही दोघांनी मला कळू नये म्हणून बरंच काही लिहिलंत. पाकिटं मी डकवते आणि टपाल पोस्टमन माझ्या हातात देतो, हे दोघांच्या लक्षात आलं नाही. सगळी पत्रं मी वाचली आहेत. वाक्यं पुरी आहेत, शुद्धलेखन दादाचं अजून कच्चं.

ब्रेडचं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझ्या चौकोनी डब्यात दादाच्या ब्रेडचा काप कधीच मावत नसे. वरची कड कापल्याशिवाय झाकण लागायचं नाही. वीस वर्षं मी ती कड कापून चिमण्यांना घालत आले. एका सोमवारी झाकण आपोआप लागलं. मी डबा बंद केला आणि काही बोलले नाही. त्याने सांगितलं असतं तर ऐकलं असतं. विचारलं असतं तर त्याची मान खाली गेली असती, ती मला बघवली नसती. पण तू लांब बसून आकडे करतेस, निदान तुझ्या हाताला तरी कळावं, म्हणून तो ब्रेड पाठवला. तेवढंच माझ्याच्याने झालं.

गोळ्यांचं मी चुकले. पोराने ब्रेड लहान करून घर चालवलं, तर मी गोळी लहान करून त्याला थोडा हातभार लावावा, असं मला वाटलं. दादा भाव तोच ठेवून वजन कमी करत होता, मीही तेच केलं. गणिताच्या बाईने एवढी ढोबळ चूक करायला नको होती. तेव्हा तुम्ही दोघं एकमेकांची माफी मागणं थांबवा. घरात तिघांनी मिळून वजन लपवलं आहे. सरकारचं पाप सरकारकडे आहेच, ते कुठे पळून जात नाही.

गेल्या आठवड्यात पेन्शनचं पत्र आलं. छापील आहे. मागील वर्षाच्या वाढीचा दर, तीन टक्के. त्याखाली, चालू वर्षाच्या वाढीचा दर: वरीलप्रमाणे.

मी लाल पेन्सिल घेतली, त्या शब्दावर काट मारली आणि बाजूला लिहिलं, "पुन्हा मोजा." खाली नाव, निवृत्त शिक्षिका, आणि तीनशे चाळीस ग्रॅमची सगळी हकीकत. दादाने पाकीट पेटीत टाकलं. काही होईल असं मला वाटत नाही. पण चुकलेलं गणित तसंच परत द्यायची मला सवय नाही.

बाकावरच्या मंडळींना हे कळलं. आता तीही आपापली पेन्शनची पत्रं घेऊन येतात. आजपर्यंत सतरा झाली. काका आणि दादा दोघंही रिकामेच आहेत, ते पाकिटं डकवतात. मी प्रत्येकावर "पुन्हा मोजा" लिहिते. डाव्या हाताने दिवसाला दोनच होतात, त्यामुळे अजून आठवडाभराचं काम आहे.

लाल पेन्सिल संपत आली आहे. एक पाठव. बाजारातून विकत घेऊन पाठव, ऑफिसातली नको.

तुझी,
आई